काळी भुई आणि आत्म्याची वाढ

(धर्मग्रामाच्या ज्युबिली महोत्सवानिमित्त पांढरकवडा येथे केलेले भाषण)



ज्युबिलीच्या मंगल प्रसंगी मागील वर्षांचा हिशेब मांडण्याची रीत आहे. किती बालकांना स्नानसंस्कार झाला, किती विवाह लागले, कोणत्या साली कोणती भिंत उभी राहिली, हे सर्व आपल्या स्मरणिकेत यथास्थित छापले जाईलच. मला आज निराळ्या हिशेबाकडे आपले लक्ष वेधावयाचे आहे. इतक्या वर्षांत आपण वाढलो काय? संख्येने नव्हे, इमारतींनी नव्हे. ख्रिस्तामध्ये आपण वाढलो काय? आणि वाढलो असू किंवा खुंटलो असू, तर ते ओळखावे कशावरून?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही. ज्युबिली हा शब्दच आपणांस शेताच्या बांधावर नेऊन उभा करतो. इब्री भाषेत 'योबेल' म्हणजे मेंढ्याचे शिंग. जुन्या करारातील लेवीय नामक ग्रंथाचा पंचविसावा अध्याय काढून पाहा. दर सातव्या वर्षी जमीन पडीक ठेवून तिला विसावा द्यावा. अशी सात सप्तके लोटली म्हणजे पन्नासाव्या वर्षी शिंग फुंकून सर्व देशात मुक्ततेची द्वाही फिरवावी. गरिबीपायी ज्याने आपली शेती विकली असेल त्याच्या घराण्याकडे ती परत यावी. कर्जापायी जो दास झाला असेल त्याने मोकळे होऊन आपल्या मुलाबाळांत जावे. आणि दुबळ्या झालेल्या भावाकडून कोणी व्याज घेऊ नये, असे त्या अध्यायाचे तात्पर्य आहे. म्हणजे ज्युबिलीचा मूळ कायदा हा जमिनीचा व कर्जाचा कायदा होय. 2025 हे वर्ष जगभरच्या कॅथोलिक ख्रिस्तसभेने ज्युबिलीचे वर्ष म्हणून पाळले, तेव्हा त्या शिंगाचा नाद रोमपासून आपल्या केळापूर तालुक्यापर्यंत ऐकू आला. ज्या तालुक्यात कपाशी पिकते आणि कर्जही पिकते, तेथे तो नाद अधिक लक्ष देऊन ऐकला पाहिजे.

आपल्या प्रभूची शिकविण्याची रीतही तुम्हांस ठाऊकच आहे. स्वर्गाच्या राज्यासंबंधी बोलताना त्याने तत्त्वज्ञानाचे ग्रंथ उघडले नाहीत. पेरणारा, मोहरीचा दाणा, द्राक्षवेल, अंजिराचे झाड, गव्हात माजलेले तण, रानातील फुले व आकाशातील पाखरे, हीच त्याच्या शाळेतील पुस्तके होती. ख्रिस्तसभेने ही रीत पुढे चालविली. आपल्या मराठी भाषेत फादर थॉमस स्टीफन्स यांनी ख्रिस्तपुराण रचले व ते 1616 साली प्रसिद्ध झाले. त्या इंग्रज येशूसंघीय धर्मगुरूने मराठीची थोरवी गाताना रत्ने, फुले व पाखरे यांच्याच उपमा योजिल्या आहेत. पोप फ्रान्सिस यांनी 2015 साली सृष्टीच्या रक्षणाविषयी जे परिपत्रक लिहिले, त्याचे नाव असिसीच्या संत फ्रान्सिसच्या स्तोत्रावरून घेतलेले आहे. मात्र एक गोष्ट ध्यानात असू द्या. सृष्टी म्हणजे देव नव्हे. ती देवाच्या हातचे पत्र आहे. पत्र वाचावे, जपून ठेवावे, आणि ज्याने ते लिहिले त्याच्यावर प्रेम करावे. त्या पत्रातील चार ओळी मी आज तुमच्यासमोर वाचणार आहे. त्या ओळी आपल्याच पायाखाली व आपल्याच डोळ्यांसमोर लिहिलेल्या आहेत.

पहिला धडा : भुईचा

आपल्या भागातील काळी जमीन अग्निज खडकाच्या झिजेतून झालेली आहे. तिच्यात चिकण मातीचा अंश फार, म्हणून पाणी पिऊन ती फुगते आणि उन्हाने आक्रसते. चैत्र-वैशाखात शेतात जाऊन पाहा. सारी भुई भेगाळलेली असते. एकेका भेगेत हातभर काठी सहज उतरते. अनोळखी मनुष्यास वाटेल की, ही जमीन मेली. परंतु शेतकरी जाणतो की, याच भेगांतून वरची सकस माती खाली उतरते, वारा आत खेळतो, आणि मृगाचा पहिला पाऊस या भेगांच्या वाटेनेच खोलवर मुरतो. म्हणूनच काळी जमीन आपली आपणच नांगरली जाते, असे जाणते लोक म्हणतात. पुढे पाणी पिऊन ती फुगली की, त्या भेगा आपोआप मिटतात.

बंधूंनो, मनुष्याच्या अंतःकरणासही असा वैशाख येतो. मुलाचे दुखणे, घरातील मृत्यू, बुडालेले पीक, भावाभावांतील दुरावा यांनी मन तडकते. अशा वेळी आपण म्हणतो, देवाने मला टाकले. परंतु तडकलेले मन देवापासून दूर गेलेले असते असे नाही. पुष्कळदा ते त्याच्या पावसासाठी उघडलेले असते. ज्याच्या मनास कधी भेग पडली नाही, ज्याला स्वतःच्या चांगुलपणाविषयी कधी शंका आली नाही, त्याच्यावर कृपेचा वर्षाव झाला तरी पाणी वरच्या वर वाहून जाते. मंदिरात पुढे उभा राहून स्वतःचे गुण मोजणारा परुशी व मागे उभा राहून ऊर बडविणारा जकातदार यांचा दृष्टान्त प्रभूने सांगितला, त्यातील फरक हाच होता. एकाची भुई घट्ट होती, दुसऱ्याची भेगाळलेली.

या भुईचा आणखी एक गुण आहे. पाऊस पडला म्हणून लगेच कोणी पेरीत नाही. ओल्या काळ्या मातीत बैलाचा पाय रुततो, औताला चिखल धरतो. आणि फार वाळली तर दाणा रुजत नाही. यांच्या मधल्या अवस्थेला आपण वाफसा म्हणतो. वाफसा आला की शेतकरी एक दिवस दवडीत नाही. आईबापांनो, मुलांच्या मनासही वाफसा येत असतो. राग तापलेला असताना दिलेला उपदेश चिखलात पेरल्यासारखा होय. आणि मूल मोठे होऊन घराबाहेर पडल्यावर, मन कोरडे पडल्यावर, केलेली प्रार्थनेची सक्ती वाळल्या ढेकळांत पेरल्यासारखी होय. संध्याकाळी दिवा लागल्यावर, जेवणापूर्वी, आजारातून उठल्यावर, प्रथम ख्रिस्तशरीर स्वीकारण्याच्या दिवसांत, अशा कित्येक वेळी बालकाचे मन वाफशावर असते. ती वेळ ओळखणे हे आईबापांचे शेतकीशास्त्र आहे.

दुसरा धडा : मुळाचा

आपल्याकडे कपाशीच्या काही ओळी टाकल्या की तुरीची एक ओळ टाकण्याची पद्धत आहे. पहिल्या महिना-दोन महिन्यांत तूर अगदी खुजी दिसते. शेजारची कपाशी पाते धरू लागते, तरी ही आपली तेवढीच. नवशिक्यास वाटेल, बियाणे खोटे निघाले. परंतु तूर त्या काळात स्वस्थ बसलेली नसते. ती आपले सोटमूळ खाली खाली नेत असते. पुढे पाऊस निघून जातो, थंडी पडते, वरची ओल आटते, आणि तेव्हा ही खालचे पाणी ओढून फुलते, शेंगांनी लवते. शिवाय तिच्या मुळांवर बारीक गाठी असतात. त्या गाठींत राहणारे सूक्ष्म जंतू हवेतील नत्र जमिनीत साठवितात. म्हणजे तूर जमिनीपासून घेते, त्याचबरोबर जमिनीला देऊनही जाते.

सागाचा धडा याहूनही कठोर आहे. टिपेश्वरच्या अभयारण्यात व आसपासच्या जंगलांत साग पुष्कळ आहे. त्याच्या बीवर इतके जाड कवच असते की, रोपवाटिकेत ते कित्येक दिवस आळीपाळीने पाण्यात भिजवावे व उन्हात वाळवावे लागते, तेव्हा कोठे अंकुर फुटतो. रोप वर्षाचे झाले की ते उपटतात, मूळ वीतभर राखतात, आणि वरचा डौलदार कोंब छाटून बोटभरच ठेवतात. हा छाटलेला तुकडा, ज्याला वनखात्याचे लोक स्टंप म्हणतात, पावसाच्या आरंभी जमिनीत रोवतात. पाहणारास ती काटकी दिसते. परंतु बळ मुळात साठलेले असल्यामुळे ती काटकी त्या छाटलेल्या जागेवरून जोराने फुटते. जंगलात तर कोवळ्या सागाचा शेंडा कधी उन्हाने, कधी वणव्याने जळून जातो. मूळ मात्र जाड होत राहते, आणि पुढे एखाद्या पावसाळ्यात झाड असे वर उसळते की मग मागे वळून पाहत नाही. कसदार इमारती लाकूड त्यापासून मिळावयास पुढे कैक दशके लागतात. ज्याने लावले त्याच्या नातवाच्या घराला त्याची तुळई लाभते.

आपण आत्मिक वाढ मोजतो ती बहुधा शेंड्यावरून. कोण किती मोठ्याने गातो, कोण मिरवणुकीत पुढे चालतो, कोणाचे नाव देणगीदारांच्या यादीत वर आहे, याकडे आपली दृष्टी जाते. देव मुळाकडे पाहतो. प्रभू येशूने नासरेथात सुतारकामात सुमारे तीस वर्षे काढली आणि उघड सेवाकार्यास जेमतेम तीन वर्षे दिली, हे प्रमाण आपण विसरता कामा नये. जी विधवा पहाटे उठून एकटीच जपमाळ म्हणते, जो मजूर दिवसभर उन्हात राबून रात्री आंधळ्या आईला स्वतः जेवू घालतो, त्यांची मुळे कोठवर गेली आहेत हे वरून दिसत नाही. ते संकटाच्या थंडीत कळते, जेव्हा इतरांची पाने पिवळी पडतात व यांना फुलोरा येतो.

येथे एका धर्मबंधूची गोष्ट सांगण्याजोगी आहे. मोराव्हिया प्रांतातील ब्रनो येथील ऑगस्टिनियन मठात ग्रेगोर मेंडेल नावाचे संन्यासी धर्मगुरू होते. 1856 पासून सुमारे आठ वर्षे त्यांनी मठाच्या बागेत वाटाण्याची रोपे वाढविली, दाणे मोजले, रंग व आकार टिपून ठेवले. 1866 साली त्यांचा निबंध छापला गेला. तथापि जगाने त्याकडे जवळजवळ लक्षच दिले नाही. 1884 साली मेंडेल मरण पावले. 1900 साली, त्यांच्या मृत्यूनंतर सोळा वर्षांनी, शास्त्रज्ञांना त्या निबंधाचे मोल कळले, आणि आनुवंशिकतेचे सारे शास्त्र त्या वाटाण्याच्या वाफ्यातून उगवले असे आज मानतात. आपल्या श्रमाचे फळ आपण पाहू असे वचन देवाने कोणालाही दिलेले नाही. प्रेषित पौलाने करिंथकरांना हेच समजाविले : लावणारा एक, पाणी घालणारा दुसरा, वाढविणे मात्र देवाकडे. ज्या धर्मगुरूंनी, धर्मभगिनींनी व धर्मशिक्षकांनी या भागात प्रथम श्रद्धेचे बी टाकले, त्यांच्यापैकी कित्येकांनी हा दिवस पाहिला नाही. आज आपण ज्या सावलीत बसलो आहोत ती त्यांच्या मुळांची आहे.

तिसरा धडा : अळीचा

गुलाबी बोंडअळीचे नाव काढले की आपल्या पोटात गोळा उठतो. 2002 साली बीटी कपाशीला आपल्या देशात परवानगी मिळाली, तेव्हा बोंडअळीचा प्रश्न संपला असे पुष्कळांनी मानले. 2017 च्या हंगामात याच अळीने विदर्भातील कपाशीची बोंडे पोखरून टाकली. आणि त्याच साली कपाशीवर औषध फवारताना विषबाधा होऊन आपल्या यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक माणसे दगावली. त्या घरांचे अश्रू अजून सुकलेले नाहीत. देव त्या सर्वांना चिरशांती देवो.

या अळीची रीत कशी आहे? ती कोवळ्या बोंडात शिरते, तेव्हा तिने पाडलेले भोक मिटून जाते. बाहेरून बोंड हिरवेगार, टणक व भरलेले दिसते. आत सरकी खाल्ली जात असते, रुई कवडी होत असते. वेचणीच्या दिवशी हात घालावा तेव्हा खरी गोष्ट कळते, आणि तेव्हा उपाय राहिलेला नसतो. परंतु त्याआधी एक खूण मिळते. अळी पडलेले फूल नीट उमलत नाही. पाकळ्या एकमेकींस चिकटून ते गुलाबाच्या कळीसारखे मिटलेले राहते. त्याला शेतकरी डोमकळी म्हणतात. दिसायला ती सुंदर असते! जाणता शेतकरी तिच्या सौंदर्याला भुलत नाही. डोमकळी दिसताच तोडतो, अळीसकट नष्ट करतो, आणि रोज सकाळी पुन्हा ओळीओळीने फिरून पाहतो.

पापाची रीत यापेक्षा निराळी आहे काय? मनात शिरताना ते आपले भोक बुजवून घेते. बाहेरून सर्व ठीक असते. रविवारची मिस्सा चुकत नाही, गळ्यात क्रूस असतो. आत मत्सर असतो, दारूची ओढ असते, पत्नीवर उगारलेला हात असतो, भावाच्या हिश्श्यावर डोळा असतो. त्याच्याही डोमकळ्या दिसतात : प्रार्थनेचा कंटाळा, सत्य सांगणाऱ्या मित्राचा राग, घरच्या माणसांपासून लपविलेली एखादी गोष्ट. आपले धर्मपूर्वज रात्री निजण्यापूर्वी सद्सद्विवेकाची तपासणी करीत, ती याच कारणाने. आणि तोडलेली कळी नष्ट करण्याचे स्थान म्हणजे प्रायश्चित्त संस्कार होय. केवळ तोडून शेतातच टाकली तर अळी दुसऱ्या झाडावर चढते.

आणखी एक गोष्ट शेतकीखात्याचे लोक दरवर्षी बजावीत असतात : फरदड घेऊ नका. हंगाम संपला तरी थोडी अधिक रुई मिळेल या आशेने जुनी पऱ्हाटी शेतात उभी ठेवावी, तर त्याच पऱ्हाटीवर अळी पोसली जाते व पुढील वर्षाचे पीक बुडविते. किती जुनी भांडणे आपण अशी फरदड म्हणून उभी ठेवली आहेत! आजोबांच्या काळचा बांधाचा तंटा, लग्नातील मानपानाचा रुसवा. त्यातून दोन बोंडे अभिमानाची मिळतात, आणि मुलांच्या पिढीला अळी लागते. ज्युबिलीच्या आधी ही पऱ्हाटी उपटून टाका. शेत मोकळे झाल्याशिवाय नवी पेरणी साधत नाही.

चौथा धडा : ऋतूचा

उपासकाल सुरू होतो त्याच सुमारास आपल्या रानात पळस फुलतो. झाडावर पान नसते, आणि सारे झाड केशरी ज्वाळेसारखे पेटलेले दिसते. भस्म बुधवारी कपाळाला राख लावून आपण बाहेर पडावे, आणि रस्त्याच्या कडेला हे निष्पर्ण वैभव उभे असावे, ही देवाची योजना आहे असेच मला वाटते. पानांचा संसार झडल्यावाचून तो फुलोरा दिसत नाही. उपवास, त्याग व दानधर्म यांचा हेतू आपणांस उघडे करण्याचा नाही, फुलविण्याचा आहे.

पळसाला पाने तीनच, अशी आपल्या भाषेतील म्हण आहे. कोठेही जा, स्थिती तीच, असा तिचा व्यवहारातील अर्थ. परंतु वनस्पतिशास्त्र जाणणारे सांगतात की, ती तीन पाने मुळी तीन नव्हेतच. ते एकच पान असून त्याची दले तीन आहेत. आयर्लंडमध्ये संत पॅट्रिक याने तीन दलांच्या रानगवताने परमपवित्र त्रैक्य समजाविले अशी आख्यायिका आहे. आपल्या मुलांना परदेशचे गवत दाखविण्याची गरज नाही. पळसाचे पान हाती द्या व सांगा : पान एक, दले तीन. उपमा तोकडी आहे, गूढ अथांग आहे. तथापि बालकाचे बोट धरून उंबरठ्यापर्यंत नेण्यास ती पुरेशी आहे. आणि मग त्या म्हणीतही एक सांत्वन दिसू लागेल : कोठेही जा, पुणे-मुंबईस कामाला जा, की हैदराबादच्या रस्त्याने दूर जा, तेथेही पिता, पुत्र व पवित्र आत्मा तुमच्याबरोबर आहेतच.

पळसापाठोपाठ मोह येतो. त्याची फुले रात्री उमलतात व पहाटे टपटप गळतात. आपल्या कोलाम व गोंड भगिनी उजाडण्यापूर्वीच टोपल्या घेऊन झाडाखाली पोहोचतात. कारण ऊन चढल्यावर जाणारास रानातील जनावरांचे उरलेसुरलेच मिळते. इस्राएल लोकांना अरण्यात मान्ना असाच पहाटे वेचावा लागे. उन्हाने तो वितळून जाई, आणि उद्यासाठी साठविला तर त्यात किडे पडत. कृपेचेही असेच आहे. ती विपुल पडते, फुकट पडते. पण ती रोज वेचावी लागते. मागल्या वर्षीच्या भक्तीवर या वर्षीचा आत्मा जगत नाही.

आणि ज्याचे वर्षच वाया गेले, त्याने काय करावे? मृगाचा पाऊस एकदा पडून गेला, दाणा उगवला, आणि मग तीन आठवडे आभाळ कोरडे राहिले, तर कोंब जळून जातात. तेव्हा शेतकरी छाती घट्ट करून दुबार पेरणी करतो. दुबार पेरणी म्हणजे दुसऱ्यांदा बियाणे, दुसऱ्यांदा मजुरी, आणि बहुधा दुसऱ्यांदा कर्ज. ते दुःख मी हलके लेखीत नाही. परंतु आत्म्याच्या शेतात मात्र दुबार पेरणीचे बियाणे फुकट मिळते. पुरातन धर्मपंडितांनी प्रायश्चित्त संस्काराला, जहाज फुटल्यावर बुडणाराच्या हाती लागणारी फळी असे म्हटले आहे. आम्ही समुद्रापासून दूर राहणारे लोक. आम्ही त्याला दुबार पेरणी म्हणावे. ती किती वेळा करता येते? पेत्राने असाच हिशेब विचारला होता, आणि प्रभूने सातांना सत्तरांनी गुणून तो हिशेबच मोडून टाकला.

जेथे सृष्टीचा धडा संपतो

बंधुभगिनींनो, येथवर आपण सृष्टीकडून शिकलो. परंतु जे सृष्टी शिकवू शकत नाही, ते सांगितल्यावाचून मी हे भाषण संपविले तर तुमच्याशी अन्याय होईल.

सृष्टीत जे रोप दुबळे असते ते मरते. जंगल त्यासाठी थांबत नाही. आणि मनुष्यांच्या जगातही आपण कधी कधी असेच बोलतो : त्याने सहन करावयास हवे होते, त्याची श्रद्धा कमी पडली. आपल्या जिल्ह्यात असे बोलताना फार जपले पाहिजे. 19 मार्च 1986 रोजी याच यवतमाळ जिल्ह्यातील चिलगव्हाणच्या एका शेतकऱ्याने पत्नी व चार मुलांसह आपली जीवनयात्रा संपविली. त्यांच्या स्मरणार्थ 2017 पासून त्या तारखेस अनेक शेतकरी व त्यांचे हितचिंतक अन्नत्याग करतात. त्या एका घरानंतर कितीतरी घरांत तसाच अंधार पडला आहे. 19 मार्च ही संत योसेफाच्या सणाची तारीख आहे. कष्टाने कुटुंब पोसणारा, परमुलखात आसरा शोधणारा, मरणसमयी आठविला जाणारा संत तो. त्या दिवशी आपण वेदीवर त्याचे नाव घेतो, तेव्हा ज्या बापांना आपल्या मुलांना पोसण्याची वाट दिसेनाशी झाली त्यांचीही आठवण झाली पाहिजे.

जीवन हे देवाचे दान आहे, ते आपल्या हाताने टाकून देऊ नये, ही ख्रिस्तसभेची शिकवण अढळ आहे. परंतु 1992 साली प्रसिद्ध झालेल्या कॅथोलिक धर्मशिक्षण-ग्रंथात हेही स्पष्ट सांगितले आहे की, तीव्र यातना व भय यांनी अशा मनुष्याची जबाबदारी कमी होऊ शकते. त्याच्या तारणाविषयी आपण निराश होऊ नये. केवळ देवालाच ठाऊक असलेल्या वाटांनी देव त्याला भेटू शकतो. आणि ख्रिस्तसभा त्याच्यासाठी प्रार्थना करते. ज्यांच्या घरचे माणूस असे गेले त्यांनी मान खाली घालून या मंदिरात बसू नये. त्यांची जागा पुढे आहे.

लूकच्या शुभवर्तमानात एका अंजिराच्या झाडाचा दृष्टान्त आहे. तीन वर्षे त्यावर फळ आले नाही. मळ्याचा धनी म्हणाला, तोडून टाका, जागा का अडवावी? सृष्टीचा न्याय तोच आहे, आणि बाजाराचाही तोच. परंतु तेथे एक माळी उभा होता. त्याने धन्याजवळ आणखी एका वर्षाची मुदत मागितली. मी भोवती खणतो, खत घालतो, मग पाहू, असे तो म्हणाला. लक्षात घ्या, झाड स्वतःसाठी काही मागू शकत नव्हते. त्याच्या वतीने दुसरा कोणी बोलला, म्हणून ते उभे राहिले. तो माळी म्हणजे आपला प्रभू येशू ख्रिस्त होय. आणि ज्या अर्थी आपण त्याचे शरीर आहोत, त्या अर्थी तो माळी आपणही झालो पाहिजे. आत्मिक वाढीची खरी खूण मी तुम्हांस येथे सांगतो : ज्या दिवशी मनुष्य स्वतःच्या फळांची मोजणी सोडून शेजारच्या वाळत्या झाडासाठी कुदळ उचलतो, त्या दिवशी तो ख्रिस्तामध्ये वाढला असे समजावे.

कुदळ हाती घ्या

तेव्हा या ज्युबिलीचे स्मारक म्हणून मी दगडाची इमारत मागत नाही. चार गोष्टी मागतो.

प्रत्येक कुटुंबाने आपल्या शेजारचे एक घर, मग ते कोणत्याही धर्माचे वा जातीचे असो, आपल्या नजरेखाली ठेवावे. तेथील मनुष्य बोलेनासा झाला, जेवेनासा झाला, बाजारात जाईनासा झाला, तर त्याच दिवशी त्याच्या दारी जावे. उपदेश करण्याची घाई नको. जवळ बसावे, ऐकावे, एकटे सोडू नये, आणि वेळीच डॉक्टरांकडे घेऊन जावे. मन आजारी पडणे ही लाज नव्हे.

ज्यांच्याजवळ दोन पैसे शिल्लक आहेत त्यांनी अडलेल्या भावाला ते व्याजावर देऊ नयेत. लेवीय ग्रंथातील योबेलचा कायदा आपल्या धर्मग्रामात निदान एवढ्यापुरता तरी चालू होऊ द्या.

लग्ने साधी करा. मुलीच्या मांडवापायी बापाचे शेत सावकाराकडे जाऊ नये. काना येथील लग्नात प्रभू पाहुणा होता, तेव्हा त्याने यजमानाची लाज राखली, थाट वाढविला नाही.

आणि रोज पहाटे, मोह वेचणाऱ्या त्या भगिनींप्रमाणे, ऊन चढण्यापूर्वी थोडी कृपा वेचा. घरातील सर्वांत लहान मूलही त्या वेळी जवळ असू द्या.

हे परमेश्वरा, या काळ्या भुईचा व आमच्या अंतःकरणांचा धनी तूच आहेस. आमच्या भेगांतून तुझा पाऊस खोल उतरू दे. आमची मुळे तुझ्या पुत्रामध्ये रुजू दे. आमच्यात लपलेली अळी आम्हांस वेळीच दाखीव. जे वाळत चालले आहेत त्यांना आणखी एक वर्ष दे, आणि त्या वर्षभर त्यांच्याभोवती खणण्याचे बळ आम्हांस दे. आमची माता पवित्र मरिया व संत योसेफ यांच्या मध्यस्थीने हे मागणे मान्य कर. आमेन.